माउली, खुंटी काढा

सरकारी जागेत तंबू ठोकायचा म्हटलं की भांडण आलंच, मग देश कुठलाही असो. आमचा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तिथे योसेमिटी नावाचं नावाजलेलं राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात तंबू ठोकून राहायच्या जागा सरकार आरक्षणाने देतं. महिन्याच्या १५ तारखेला सकाळी सातच्या ठोक्याला संगणकावर आरक्षण उघडतं आणि उन्हाळ्यातल्या तारखा बघता बघता फस्त होतात. भाचा आणि त्याची बायको दोन लॅपटॉप आणि दोन मोबाइल मांडून पहाटेपासून आंघोळ करून बसले होते. हाती काही लागलं नाही. काही लोक म्हणे संगणकालाच बटण दाबायला बसवतात आणि तो माणसाच्या आधी दाबतो. व्हिडिओ कॉलवर ही कर्मकहाणी ऐकून घेतल्यावर माझ्या बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, एकच प्रश्न विचारला.

"अरे, पण तिथल्या फॉरेस्टात आपल्या ओळखीचं कुणीच नाही का?"

"आई, इथे तसं चालत नाही."

"मग एवढं शिकून काय केलंस?"

बहीण सोलापूरची. तिला योसेमिटीचं कौतुक वाटलं नाही, याला कारण आहे. तंबूत उतरणारी गर्दी म्हणजे काय असते, हे आमच्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. आषाढात पंढरपुरात लाखो माणसं येतात आणि त्यांना दरवर्षी कुठेतरी पाठ टेकायला जागा लागते. पूर्वी चंद्रभागेचं वाळवंट सगळ्यांचंच होतं. मोकळं दिसेल तिथे पाल उभं राहायचं. पुढे वाळवंटातल्या घाणीचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथल्या राहुट्यांवर बंधनं आली आणि दहाएक वर्षांपूर्वी प्रशासनाने नदीच्या पैलतीरावर ६५ एकर जागा वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी तयार केली. कागदोपत्री तिचं नाव भक्तिसागर. बोलताना मात्र सगळे पासष्ट एकरच म्हणतात. "कुठं उतरलाय?" "पासष्ट एकरात." ऐकणाऱ्याला वाटावं, पाव्हणा मोठा बागायतदार दिसतो.

तिथे प्लॉट पाडलेले आहेत. पाणी, वीज, शौचालयं, दवाखाना, पोलिस अशी सगळी व्यवस्था आहे. दिंडीने अर्ज करायचा, कागद दाखवायचे, प्लॉट घ्यायचा आणि तंबू ठोकायचा. वाटपाचा नियमही सरळ: आधी येईल त्याला आधी.

नियम करणाऱ्याच्या हेतूबद्दल मला काडीची शंका नाही. पण हा नियम वारीला लावायचा म्हणजे गंमत आहे. वारकरी आळंदीहून किंवा देहूहून निघतो आणि पालखीसोबत आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचतो. नवमीला नाही, अष्टमीला तर नाहीच. माउलींना मागे टाकून पुढे पळायचं नाही, हीच तर वारीची शिस्त. म्हणजे जो माणूस वारी नीट करतो, तो नेमाने शेवटी येतो. आणि त्याच्यासाठी नियम काय, तर आधी येईल त्याला आधी.

मोठ्या दिंड्यांना याची फिकीर नसते. त्यांचे ट्रक असतात, टँकर असतो, भिशी भरलेली दोन-तीनशे माणसं असतात. रोजच्या मुक्कामालाही त्यांचा ट्रक पुढे जातो आणि दिंडी पोचेपर्यंत राहुट्या उभ्या असतात. तेव्हा दिंडी माळशिरसात भजन म्हणत असताना तिचा एक चलाख माणूस पंढरपुरात हातात दोरीचं भेंडोळं घेऊन फक्कीच्या रेषेवर उभा असला, तर नवल नाही. प्रश्न येतो लहान दिंडीचा. एक वीणा, एक मृदंग, पंचवीस-तीस टाळ आणि भाड्याचा एक टेम्पो, एवढाच जिचा संसार, तिने पुढे कुणाला धाडायचं? धडधाकट माणूस धाडला तर त्याची वारी मोडते. टेम्पो धाडला तर रात्रीचा स्वयंपाक बोंबलतो.

त्यावरही तोड निघाली आहे. पासष्ट एकरात एका प्लॉटच्या मधोमध सतरंजी टाकून एक आजी बसल्या होत्या. शेजारी पत्र्याची पेटी, पेटीवर तुळस, आणि आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात माळेशेजारीच अडकवलेलं. एक तरुण कर्मचारी नकाशा घेऊन आला.

"आजी, दिंडी कुठाय?"

"येतीय की. येळापूर सोडलं आसंल आता."

"मग तुम्ही एकट्या पुढं कशा?"

"पंच्याहत्तरीफुडं फुकाट हाय की एष्टी."

खरंच आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे. ही सवलत जाहीर झाली तेव्हा तिच्यामुळे वारीतल्या जागावाटपाला हातभार लागेल, असं मंत्रालयात कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. आजींनी चाळीस वर्षं पायी वारी केलेली. आता गुडघे बोलतात म्हणून दिंडीने त्यांना हे काम दिलं होतं आणि त्यांनी ते गडाच्या किल्लेदाराच्या थाटात पत्करलं होतं.

खरी लढाई त्यांच्या सतरंजीपासून दहा हातांवर चालली होती. रात्री पाऊस झाला आणि दोन प्लॉटांमधली फक्की वाहून गेली. सकाळी लातूरकडच्या एका दिंडीने खुंटी ठोकली ती जळगावकडच्या दिंडीच्या मते त्यांच्या हद्दीत पडली. दोन्हीकडे गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. शिवी देण्याची सोय नाही. भांडण करायचं तर तेही संप्रदायाची मर्यादा राखूनच.

"माउली, तेवढी खुंटी काढा."

"माउली, खुंटी आमच्यात हाय."

"अहो माउली, नकाशा बघा की जरा."

"नकाशा तुम्हीच बघा माउली. आमचा तंबू कालपासून हितंच हाय."

"बरं, मग तुम्ही मोठे, माउली. आम्ही नदीत जाऊन झोपतो, माउली!"

वाक्यागणिक माउली वाढत गेल्या आणि मायेचा अंश कमी होत गेला. शेवटी एकाने हात जोडून दुसऱ्याच्या पायाला हात लावला. पण तो अशा आवेशात, की बघणाऱ्याला वाटावं खाली पाडतोय. समोरच्यानेही मग नेमाप्रमाणे त्याच्या पायाला हात लावला. दोघं वाकलेले, दोघांचीही नजर खुंटीवर. तेवढ्यात आजी सतरंजीवरून ओरडल्या, "आरं, दोन्ही दोऱ्या एकाच खुटीला बांदा की! इट्टलाला काय दोन खुट्या लागत्यात व्हय?" तसंच झालं. दोन्ही तंबू एका खुंटीवर उभे राहिले. मोजणी खात्याने या निवाड्याची प्रत मागवून घ्यावी.

तर मुद्दा असा, की आधी येईल त्याला आधी हा नियम आपण आंधळ्या न्यायाचा मानतो. पण बक्षीस आधी येणाऱ्याला मिळत नाही, आधी धाडू शकणाऱ्याला मिळतं. कुणी ट्रक धाडतो, कुणी मुनीम धाडतो, कुणी आजी धाडतो. कॅलिफोर्नियातला माणूस संगणक धाडतो. सोलापूरच्या एसटी स्टँडवर रुमाल धाडतात. खिडकीतून रुमाल टाकला की जागा धरली, हे कलम कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नाही, पण त्याला आव्हान देणारा अजून जन्माला यायचाय. त्यातही पोटकलमं आहेत. रुमालापेक्षा पिशवी वरचढ, पिशवीपेक्षा पोर वरचढ. खिडकीतून आत सोडलेलं पोर रडायला लागलं तर शेजारची जागाही मिळते.

रेल्वेचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री मुंबईला जाणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस हा सोलापूरकरांचा जीव की प्राण. तिच्या तत्काळ तिकिटासाठी सकाळी दहाला एसीवाले आणि अकराला स्लीपरवाले मोबाइलवर अंगठा रोखून बसतात आणि त्या पंधरा मिनिटांत घरात कुणी चहा मागत नाही. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे पूर्वी आम्ही चार महिने आधी निराश व्हायचो, आता दोन महिने आधी होतो. २०२५ च्या जुलैपासून तत्काळला आधार जोडलं आणि एजंटांना पहिला अर्धा तास बाहेर बसवलं. चांगलं केलं. फक्त ओटीपी मोबाइलवर पोचेपर्यंत गाडीचं नाव तेवढं उरतं, असा आमच्या गल्लीतला अनुभव आहे.

आता याच वारीत दुसरं एक आरक्षण आहे, सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. माउलींच्या पालखीत प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला असतो. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या शेकडो रथामागे. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याची जी घडी बसवली, ती आजही चालते. ना लॉटरी, ना ओटीपी. पणजोबांनी जिथे टाळ धरला तिथे पणतू धरतो. नवी दिंडी आली तर तिने मागे लागायचं. रथामागच्या एखाद्या लांबच्या क्रमांकाच्या दिंडीला रथाचा कळस दुरूनच दिसतो, पण तिचा वीणेकरी कधी म्हणत नाही की, दरवर्षी चिठ्ठ्या टाका, यंदा आम्हाला रथापुढे घ्या. आमच्या सोलापुरातही तेच. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा भरते, गड्डा बसतो, सात नंदीध्वज निघतात. कुणाच्या पाठीमागे कोण, हे सगळं मानाप्रमाणे. मराठी माणसाला पक्षपाताचं वावडं नाही. फक्त तो पक्षपात शंभर वर्षांचा तरी हवा.

जुनं ते सगळंच गोड मानायचं, असंही नाही. याच पंढरपुरात एके काळी काही माणसांना रांगेत मागचा नंबरसुद्धा नव्हता, कारण त्यांना रांगच नव्हती. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, पायरीपाशी, आत नाही. अस्पृश्य मानलेल्यांसाठी विठ्ठलाचं दार उघडावं म्हणून साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले आणि दहाव्या दिवशी उठले. पुढे बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांचा खटला इतकी वर्षं चालला, की त्याचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून यायला २०१४ साल उजाडलं. आज चार यात्रांना तासन् तास पाय ओढत जी माणसं दर्शनबारीत उभी असतात, त्यांच्यापैकी कित्येकांच्या आजोबांना ती बारी नाकारलेली होती. बारी लांब आहे, अशी कुरकुर करताना हे अधूनमधून आठवायला हरकत नाही.

अर्थात कुरकुर थांबत नाही, आणि तिचा सगळ्यात जास्त ताप कुणाला होत असेल तर सोलापुरात राहणाऱ्याला. सोलापूर ते पंढरपूर अंतर ७० किलोमीटरच्या आसपास. पण नाशिक, नागपूर, ठाणे इथल्या लोकांच्या नकाशात सोलापूर हे पंढरपूरच्या गाभाऱ्यालाच लागून आहे. आषाढ लागला की वर्षभर ज्यांनी आपण जिवंत आहोत की नाही हेही विचारलं नाही, त्यांचे फोन सुरू होतात. सुरुवात तब्येतीपासून. मग पाऊसपाणी. मग शेंगाचटणीची आठवण. आणि मग एक खोल श्वास घेऊन, "बरं, तुमचं मंदिरात कुणी आहे का हो?"

मी सांगतो, आषाढीत व्हीआयपी दर्शन बंद असतं.

"हो हो, ते माहितीय. व्हीआयपी नकोच आम्हाला. आम्ही साधी माणसं. आपलं असंच, ओळखीतून."

ओळखीतून जाणं म्हणजे बारी मोडणं, असं या सज्जनांना मनापासून वाटत नाही. व्हीआयपी म्हणजे दुसरा. आपण म्हणजे केवळ वेळ नसलेला भाविक. माझ्या एका नातेवाइकांनी तर बारीत घुसणाऱ्यांवर अर्धा तास संताप केला आणि शेवटी मलाच विचारलं, "मग आपल्याला कुठल्या दाराने जायचंय?" यावर मी एक उत्तर ठरवून ठेवलंय: मुखदर्शनाची रांग त्या मानाने लवकर सरते, तिथून लांबून बघा, विठ्ठल तसाच दिसतो. हे ऐकल्यावर पुढच्या आषाढापर्यंत फोन येत नाही.

मात्र याच बारीत असा एक प्रकार आहे, की तो मला फार आवडतो आणि जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. आषाढी एकादशीला पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक महापूजा करतात. त्यांच्यासोबत पूजेला एक वारकरी जोडपं असतं, मानाचे वारकरी. ते निवडायचे कसे? अर्ज नाही, मुलाखत नाही, शिफारस नाही. त्या वेळी दर्शनबारीत पुढे उभं असलेलं जोडपं घ्यायचं. कुठल्या तरी खेड्यातला शेतकरी आणि त्याची बायको रात्रभर उभं राहून पाय सुजलेले, डोक्यावर बोचकं, आणि एकदम कुणीतरी येऊन म्हणतं, चला. वर एसटीचा वर्षभराचा मोफत पास. मुख्यमंत्री व्हायला काय काय करावं लागतं, ते आपण रोज पेपरात वाचतो. त्यांच्याइतकंच जवळ उभं राहायला नुसतं बारीत टिकून राहावं लागलं. कार्तिकीच्या पूजेला उपमुख्यमंत्र्यांचा मान असतो. २०२३ साली उपमुख्यमंत्री दोन होते, आणि आता बोलवायचं कुणाला, या पेचात मंदिर समिती पडली होती. वारकऱ्यांच्या बाबतीत हा पेच कधी पडत नाही. बारीत पुढे कोण आहे, ते सगळ्यांना दिसतं.

तरीही तक्रारी राहतात. जिथे हजार माणसं आणि शंभर नळ, तिथे त्या राहणारच. त्यांचं काय करायचं, याचं उत्तर वारीने शोधून ठेवलेलं आहे आणि ते मला कुठल्याही संकेतस्थळावर अजून सापडलेलं नाही. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाज आरती होते. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला पोचतो आणि चोपदार चोप उंचावतो. चोप वर गेला की एवढा मोठा समुदाय क्षणात चिडीचूप. पण एखाद्या दिंडीवर अन्याय झाला असेल, कुणी तिची जागा घेतली असेल, पाणी मिळालं नसेल, क्रमांक चुकवला असेल, तर ती दिंडी गप्प बसत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, निवाडा होतो. समाधान झालं की टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची घोषणा: अमक्याची पिशवी सापडली, तमक्याचा चष्मा सापडला. मग आरती.

यात किती शहाणपण भरलंय बघा. तक्रार लेखी नाही, त्यामुळे हरवत नाही. क्रमांक देऊन ती बाजूला ठेवता येत नाही. आणि ज्याची तक्रार आहे तो सोडून बाकी सगळा समाज गप्प उभा राहून ती ऐकतो, कारण ती मिटल्याशिवाय आरतीच सुरू होत नाही आणि आरतीशिवाय जेवण नाही. निवाडा लवकर लागायला भुकेसारखी दुसरी सोय नाही. तत्काळच्या तिकिटासाठी सकाळी अकरा वाजता सगळ्या सोलापूरने एकदम टाळ वाजवले, तर रेल्वे खात्याकडून काही हालचाल होईल, असं मला वाटतं. पण आमच्याकडे अकराला टाळ हातात घ्यायला मोबाइल खाली ठेवावा लागेल आणि तेवढ्यात शेजारचा तिकीट काढेल.

तेव्हा माझी प्रशासनाला एक साधी सूचना आहे. पासष्ट एकरातले थोडे प्लॉट अशा दिंड्यांसाठी दशमीच्या संध्याकाळपर्यंत मोकळे ठेवा, ज्यांना पुढे धाडायला ट्रक नाही आणि आजीही नाही. जी दिंडी शेवटी येईल तिला ते आधी द्या. पालखी सोहळ्यात दिंड्यांची नोंद असतेच, तेव्हा कोण खरंच चालत आलं हे ओळखणं काही अवघड नाही. अवघड वाटलंच तर पायातल्या चपला बघा. आणि वाटपाच्या टेबलावर तक्रारपेटी ठेवण्याऐवजी टाळांचा एक जोड ठेवा.

वाचकहो, येत्या आषाढीला पासष्ट एकरात उतरणार असाल, तर दिंडीचे कागद बरोबर असू द्या, दोरी दहा हात जास्तीची घ्या आणि खुंटी ठोकण्याआधी शेजाऱ्याला नमस्कार करा, नंतर नको. फक्त पाण्याच्या टाकीजवळचा कोपऱ्यातला प्लॉट तेवढा सोडा. तिथे दरवर्षी आमच्या मेहुण्यांची दिंडी उतरते.